सूचक कोण?

आमच्या सोसायटीच्या इतिवृत्ताची वही गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. हा मान मला विद्वत्तेमुळे मिळालेला नाही. "तुम्ही बँकेत आहात, म्हणजे अक्षर चांगलं असणारच," असा एक समज अध्यक्षांनी करून घेतला आणि वही माझ्या मांडीवर ठेवली. वास्तविक बँकेत आता अक्षराला कोणी विचारत नाही. तिथे आम्ही दिवसभर कळफलक बडवतो आणि 'सर्व्हर डाऊन' झाला की शांतपणे चहा पितो. पण डोंबिवलीत वाढलेल्या बी.कॉम. माणसाला जमाखर्च येतो, 'नाही' म्हणता येत नाही. तेव्हा वही राहिली ती राहिलीच.

दर सप्टेंबरात पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून आमची वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. मागील इतिवृत्त वाचून कायम करणे, हिशेब मंजूर करणे, गळक्या टाकीवर चर्चा करणे आणि ती गळकी ठेवणे, असे नेहमीचे विषय होतात. खरी गंमत शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' या सदरात असते. यंदा त्या सदरात युद्ध निघालं.

झालं होतं असं. तिसऱ्या मजल्यावर ३०३ मध्ये एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या शेजारच्या ३०४ ने मधल्या पॅसेजमध्ये आधी एक चपलांचं स्टँड ठेवलं. मग त्या स्टँडच्या जागी कपाट आलं. कपाटाला सोबत हवी म्हणून जुना फ्रीज आला. शेवटी या सगळ्या मालमत्तेच्या संरक्षणासाठी लोखंडी जाळी आली आणि जाळीला कुलूप. आता आजींचं दार अर्धंच उघडतं. जगाच्या इतिहासात आक्रमणं अशीच झालेली आहेत. आधी चपला येतात, मग कुलूप, आणि मग 'ही जागा पूर्वापार आमचीच होती' हे वाक्य.

सभेत एक तरुण सभासद उठून म्हणाला, "निषेधाचा ठराव करा!" क्षणभर शांतता पसरली. ३०४ चे गृहस्थ वर्षाचा मेंटेनन्स एकरकमी आगाऊ भरतात. पाण्याचा पंप जळला तेव्हा निम्मे पैसे त्यांनीच दिले होते. थोडक्यात, आमच्या इमारतीतली ती महासत्ता आहे. खजिनदार हळूच म्हणाले, "निषेध जरा कडक होतो. नापसंती म्हणू या." कोणी म्हणालं, नापसंती भाजीबद्दल असते. कोणी 'चिंता' सुचवली. अध्यक्ष माझ्याकडे वळले, "अहो, तुम्ही बँकेतले. दोघांनाही चालेल असं काहीतरी लिहा."

मी लिहिलं, 'तिसऱ्या मजल्यावरील पॅसेजमध्ये उद्भवलेल्या परिस्थितीबद्दल ही सभा खेद व्यक्त करते.' टाळ्या पडल्या. कपाट कोणी ठेवलं हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. ते जणू पावसाळ्यात आपोआप उगवलं होतं. आजींना नीट ऐकू येत नाही. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "म्हणजे आता दार पूर्ण उघडेल ना रे?"

तेवढ्यात बटाटेवडे आले, आणि माझी सुटका झाली.

रात्री वही पूर्ण करायला बसलो. ठरावाखाली दोन रकाने असतात: सूचक आणि अनुमोदक. दोन्ही रिकामे होते. हात सगळ्यांनी वर केले होते, नाव कोणीच दिलं नव्हतं. त्या रिकाम्या रकान्यांकडे बघता बघता मला आमच्या लोकसभेची आठवण झाली. हसू नका. लहान माणसाला मोठ्यांच्या चुका आठवल्या की बरं वाटतं.

सन २००३. मी नुकताच बँकेत चिकटलो होतो. डोंबिवलीहून सकाळच्या स्लो लोकलने ठाण्याला जायचो. डब्यात बाबांच्या वयाच्या मंडळींचा एक ग्रुप होता, त्यात मला उमेदवार म्हणून घेतलं होतं. उमेदवाराला मताचा अधिकार नव्हता, बसायचाही नव्हता. २० मार्चला अमेरिका आणि ब्रिटन यांच्या फौजांनी इराकवर स्वारी केली, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात तिचा निषेध झाला. कोपरला ठराव मांडला, दिव्याला अनुमोदन मिळालं, मुंब्र्याच्या अलीकडे तो एकमताने मंजूर झाला आणि कळवा गेल्यावर सगळे उतरायच्या तयारीला लागले.

दिल्लीला एवढी जलद गाडी नव्हती. वाजपेयींचं सरकार 'मध्यम मार्गा'ने चाललं होतं. म्हणजे कोणालाच धक्का लागू नये असं, आणि हे लोकलमध्येसुद्धा कोणाला जमलेलं नाही. विरोधी पक्षांनी संसदेचा ठराव मागितला. ठराव करायला सरकारचीही हरकत नव्हती, घोडं शब्दावर अडलं. विरोधकांना इंग्रजीतला 'कंडेम' हवा होता, सरकारला 'डिप्लोअर'पर्यंतच झेपत होतं.

या दोन शब्दांतलं अंतर बँकवाल्याला बरोबर कळतं. थकलेल्या कर्जदाराला आम्ही पहिलं पत्र पाठवतो, त्यात 'आपले लक्ष वेधू इच्छितो' असं असतं. दुसऱ्यात 'खेदाने कळवावे लागते' येतं. तिसऱ्यात वकिलाचं नाव येतं. मुरलेला कर्जदार पहिली दोन पत्रं उघडतही नाही. राष्ट्रांचंही तसंच आहे. चिंता, तीव्र चिंता, खेद, नापसंती, निंदा, निषेध अशी ती चढती भाजणी असते, आणि महासत्ता बहुधा पाकिटाच्या जाडीवरूनच ओळखते की आत वकील नाही.

तर दिल्लीत अखेर तोडगा निघाला तो हिंदीत. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने ठराव एकमताने मंजूर केला, त्यात शब्द होता 'निंदा'. ज्याला 'कंडेम' हवा त्याने तसा अर्थ लावावा, ज्याला 'डिप्लोअर' हवा त्याने तसा. इंग्रजी तर्जुम्यात 'डिप्लोअर'च राहिला. सभागृहात तो ठराव वाचून दाखवला अध्यक्ष मनोहर जोशी यांनी. आपले माजी मुख्यमंत्री! मराठी माणसाच्या तोंडून, हिंदी भाषेत, अमेरिकेची निंदा. आमच्या डब्याला फार अभिमान वाटला. मराठीत निंदा शेजाऱ्यांची करतात, महासत्तेचीही करता येते हे मला तेव्हाच कळलं.

ठरावात लढाई ताबडतोब थांबवा, फौजा मागे घ्या, अशी मागणी होती. इराकी जनतेबद्दल सहानुभूती होती. दुसऱ्याच दिवशी, ९ एप्रिलला, बगदाद पडलं. फिर्दोस चौकातला सद्दाम हुसेनचा पुतळा अमेरिकन वाहनाने ओढून खाली पाडला, तो आम्ही टीव्हीवर पाहिला. दहा तारखेच्या लोकलमध्ये एक काका पेपर घडी करीत म्हणाले, "आपला ठराव त्यांना पोचला नसावा."

सगळे हसले. मीही हसलो. कितीतरी वर्षं मी हा किस्सा 'ठराव म्हणजे काय' याचं उदाहरण म्हणून सांगत असे. पण किस्सा सांगणाऱ्याने पुढचं पानही उलटावं लागतं. त्याच उन्हाळ्यात अमेरिकेने भारताकडे इराकमध्ये सैन्य मागितलं. थोडंथोडकं नव्हे, एक अख्खी डिव्हिजन. दिल्लीत बरेच दिवस खल चालला. पाठवावं म्हणणारेही होते, आणि त्यांच्याकडे कारणंही होती. पण ज्या स्वारीची आपल्या संसदेने एकमताने निंदा केली तिच्या पाठीमागे आपलेच जवान उभे करायचे कसे, असं विचारणाऱ्यांच्या हातात आता कागद होता. १४ जुलै २००३ ला सरकारने जाहीर केलं की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य जाणार नाही.

एकट्या ठरावाने हे घडवलं असं मी म्हणणार नाही. पण त्या कागदाने बगदाद वाचलं नाही, तरी आपली काही माणसं बगदादला जायची वाचली, त्यात त्याचा थोडा वाटा होता. म्हणजे ठराव अमेरिकेपर्यंत पोचला नसेल, आपल्यापर्यंत मात्र पोचला. निंदा दुसऱ्याची करायची आणि बांधलं जायचं आपण, ही ठरावाची खरी खोच आहे.

म्हणून मी मागची पानं चाळायला लागलो.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. ८ नोव्हेंबरला पंडित नेहरूंनी लोकसभेत ठराव मांडला आणि १४ नोव्हेंबरला, त्यांच्याच वाढदिवशी, सभासदांनी उभं राहून तो मंजूर केला. लढा कितीही लांबो, कितीही कठीण होवो, आक्रमकाला भारताच्या पवित्र भूमीवरून हुसकून लावू, असा त्याचा आशय होता. 'चिंता' नाही की 'खेद' नाही, सरळ शपथ. बाबा तेव्हा शाळेत होते. खाऊचे पैसे संरक्षण निधीच्या डब्यात टाकल्याचं ते सांगत. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं महाराष्ट्र अजून म्हणतो. पण ठराव झाल्यावर आठवड्याभरात चीननेच एकतर्फी लढाई थांबवली, आणि अक्साई चीन तिकडेच राहिला. ती शपथ पुरी झाली नाही, आणि मागेही घेतली गेली नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर, ना वसूल, ना निर्लेखित. असं खातं प्रत्येक शाखेत एखादं असतं. नवा मॅनेजर आला की ते उघडून पाहतो आणि हळूच मिटतो.

याच्या शेजारी ३१ मार्च १९७१ चा ठराव ठेवून पाहावा. पाकिस्तानी सैन्याने २५ मार्चच्या रात्री पूर्व बंगालात आपल्याच प्रजेवर बंदुका चालवल्या. सहा दिवसांत इंदिरा गांधींनी मांडलेला ठराव संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने मंजूर केला. तिथल्या लोकांना मनःपूर्वक सहानुभूती आणि पाठिंबा, असं त्यात म्हटलं होतं. सहानुभूती हा फार स्वस्त शब्द आहे, लग्नाच्या अहेरापेक्षाही स्वस्त. पण त्या वर्षी तो महाग पडला. जवळजवळ एक कोटी निर्वासित आले, त्यांना जेवू घालावं लागलं. नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट आलं. म्हणजे साताऱ्याच्या मावशीला 'आम्ही सर्व कुशल' एवढं कळवणाऱ्या माणसानेही त्या ठरावाखाली पाच पैशांची सही केली. आणि १६ डिसेंबरला ढाक्यात काय झालं ते सर्वांना माहीत आहे.

दोन्ही ठराव एकमतानेच झाले होते. फरक टाळ्यांत नव्हता. खात्यात शिल्लक किती होती, यात होता.

आता माझ्यातला देशभक्त छाती फुगवून बसणार, तोच वहीचं आणखी एक पान उघडलं. ते आपल्या गोव्याचं आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि १९ तारखेला साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. आपल्या दृष्टीने ती मुक्ती होती. गोवा सत्याग्रहात मार खाऊन आलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव होती. पण १८ डिसेंबरला न्यूयॉर्कला सुरक्षा समितीत आपण आरोपीच्या पिंजऱ्यात होतो. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला: भारताने लढाई थांबवावी आणि सैन्य मागे घ्यावं. बाजूने सात मतं पडली, विरुद्ध चार. विरुद्ध होते रशिया, सिलोन, लायबेरिया आणि इजिप्तचं संयुक्त अरब गणराज्य. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला, नाहीतर '३०४' आपल्यालाच म्हटलं गेलं असतं.

तिथे निषेध करणारे कोण होते? ज्यांची स्वतःची कपाटं आशिया-आफ्रिकेच्या पॅसेजमध्ये अजून उभी होती, असे दोघे तरी त्यात होते. साडेचारशे वर्षं दुसऱ्याच्या दारात ठेवलेल्या कपाटाबद्दल त्यांना खेदसुद्धा नव्हता, ते हलवणाऱ्याबद्दल होता. पुढे ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात पोर्तुगालनेच गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तेव्हा निषेधाचा आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कोणाच्या दारातून येतो हे आधी बघावं, एवढा धडा मी घेतला. आणि मग बघावं की आपण कोणाच्या दारात उभे आहोत.

कारण आपणही काही कमी नाही. १९५६ मध्ये सुएझवर ब्रिटन-फ्रान्स चालून गेले तेव्हा आपला आवाज खणखणीत होता, त्याच दिवसांत रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले तेव्हा आपल्याला खोकला झाला. २ मार्च २०२२ ला युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. त्यातही तोच आपला जुना मित्र 'डिप्लोअर' होता. बाजूने १४१ मतं पडली, विरुद्ध ५, तटस्थ ३५. आपण पस्तिसांत होतो. त्याची कारणं आहेत. तेल आहे, शस्त्रं आहेत, जुनी मैत्री आहे, आणि नकाराधिकाराचं वर सांगितलेलं ऋणही आहे. मी परराष्ट्रमंत्री नाही, मला कोणी विचारलेलं नाही. पण 'पंपाचे निम्मे पैसे त्यांनी दिलेत हो' हे वाक्य मी कुठेतरी ऐकलं होतं.

एवढं वाचल्यावर मनात आलं, की ठरावावर जगात कोणी कधी मनापासून सही केलीच नाही का?

एकाने केली होती, आणि तो सोलापूरचा होता. जपानने चीनवर स्वारी केली. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याच्या काँग्रेस अधिवेशनात चीनशी सहानुभूतीचा आणि जपानी मालावरच्या बहिष्काराचा ठराव झाला. ही संसद नव्हे, पक्षाचं अधिवेशन. पारतंत्र्यातल्या पक्षाने जपानी साम्राज्याला नापसंती कळवावी, म्हणजे आमच्या डब्याने अमेरिकेला कळवण्यासारखंच. पण त्या ठरावाला पाय फुटले. सुभाषबाबू अध्यक्ष होते. चीनकडून मदतीची विनंती आली, वर्गणी जमली आणि पाच डॉक्टर तयार झाले: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यांतले चोळकर नागपूरचे आणि द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईच्या बंदरातून त्यांची बोट सुटली. बाकीचे पुढे परतले, कोटणीस तिथेच राहिले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले, चिनी भाषा शिकले, तिथलीच मुलगी पत्करली, मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर बोलपट काढला, तो आपल्या आधीच्या पिढीने पाहिला.

वीस वर्षांनी त्याच चीनविरुद्ध लोकसभा उभी राहिली. म्हणून काही कोटणीसांची सही खोटी ठरत नाही. हरिपुऱ्याला हजारो हात वर झाले असतील. त्यांतल्या कोणाचं नाव मला ठाऊक नाही. नाव उरलं ते बोटीत बसलेल्याचं.

रात्रीचे साडेबारा वाजले होते. सौ. उठून आली आणि म्हणाली, "अहो, एवढा वेळ काय लिहिताय? चार ओळींचं तर इतिवृत्त."

मी तिला वाक्य वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात कपाटवाल्यांचं नाव कुठे आहे?" हिला संयुक्त राष्ट्रांत घेत नाहीत ते का, हे मला त्या क्षणी समजलं.

वहीत खाडाखोड करायला बँकेच्या माणसाचा हात वळत नाही. म्हणून मी वेगळ्या कागदावर समितीला अर्ज लिहिला. विशेष सभा बोलवावी आणि तीत पुढील ठराव घ्यावा: 'सदनिका ३०४ च्या सभासदांनी पॅसेजमध्ये कपाट, फ्रीज व जाळी लावून सदनिका ३०३ चा रस्ता अडवला आहे. ही सभा त्याचा निषेध करते. सामान हलवण्यास मदत म्हणून सूचक स्वतः रविवारी सकाळी दहा वाजता हजर राहील.' शेवटचं वाक्य लिहिताना माझी कंबर आधीच दुखायला लागली. मग 'सूचक' या शब्दापुढे माझं नाव घातलं. अनुमोदक म्हणून सहसभासद या नात्याने सौ.ने सही केली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

परिणाम झाले. ३०४ चे गृहस्थ लिफ्टमध्ये माझ्याशी बोलेनासे झाले. खजिनदार मला टाळतात. पंपाचा हिशेब पुन्हा निघण्याची चिन्हं आहेत. रविवारी दहा वाजता मी पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो तेव्हा सभेत 'निषेध करा' म्हणून ओरडलेला तरुण आला नव्हता. तो तटस्थ होता, म्हणजे झोपला होता. दहा-पंधरा मिनिटांनी ३०४ चं दार उघडलं. गृहस्थ काही बोलले नाहीत. कपाटाची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी मी.

जाळी अजून आहे. फ्रीजही आहे. कपाट मात्र हातभर सरकलं, आणि आजींचं दार आता पाऊण उघडतं. त्या दिवशी त्यांनी त्या पाऊण दारातूनच मला चहा दिला.

उरलेला पाव विशेष सभेत आहे. विषयपत्रिका मीच लिहितोय. सूचकाचा रकाना भरलेला आहे.